बरा न होणारा आजार आणि बरे जगणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात असलेल्या घटनेत, केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, तर शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्ही अंगांनी संपूर्ण स्वास्थ्य असणे म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या दिलेली आहे. ती मांडणाऱ्यांचा हेतू व्यापक आणि उदार होता; परंतु ही कसोटी काटेकोरपणे लावली, तर मधुमेह, संधिवात, दमा, अपस्मार किंवा कंपवात यांपैकी एखादा आजार जन्मभरासाठी मागे लागलेला माणूस आरोग्याच्या कुंपणाबाहेरच राहतो, आणि अशा माणसांची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार एकट्या मधुमेहाचेच रुग्ण देशात दहा कोटींहून अधिक आहेत. ज्या काळात माणसे प्रामुख्याने देवी, पटकी, प्लेग, क्षय अशा साथींनी आणि संसर्गांनी दगावत, त्या काळात आजार म्हणजे बरा होणारा किंवा मारणारा, अशी दुहेरी विभागणी पुरेशी वाटे. आजच्या रुग्णालयांची घडण, विम्याची कलमे आणि घरी भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न अजूनही बहुतांशी त्याच विभागणीवर उभे आहेत.

प्राचीन भारतीय वैद्यकाने मात्र या दोहोंच्या मधली एक जागा फार पूर्वी आखून ठेवलेली होती. चरकसंहितेत रोगांचे सहज बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, बरे न होणारे तरीही आवरून धरता येणारे आणि वैद्याने हाती घेऊ नयेत असे, असे चार वर्ग केलेले आहेत, आणि त्यांतील तिसऱ्या वर्गाला ‘याप्य’ ही संज्ञा आहे. याप्य रोगाचा रुग्ण पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत आपले आयुष्य जगतो, ते थांबले की रोग पुन्हा डोके वर काढतो. सुश्रुतसंहितेने यासाठी कलत्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दाखला दिला आहे. आधुनिक वैद्यकाला या तिसऱ्या वर्गाकडे मनापासून वळायला बराच काळ लागला. नेदरलँड्समधील माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखात, शारीरिक, भावनिक आणि सामाजिक आव्हानांशी जुळवून घेण्याची व स्वतःचा सांभाळ स्वतः करण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असा विचार मांडला. या दृष्टीने पाहिले तर बरा न होणारा आजार असतानाही माणूस निरोगीपणाकडे सरकू शकतो. प्रश्न एवढाच उरतो की ही क्षमता नेमकी कशाची बनलेली असते आणि ती कशी कमावली जाते. या प्रश्नाची उकल ढोबळ उपदेशाने होत नाही, त्यासाठी एखादा आजार जवळून पाहावा लागतो. कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, त्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तो माणसाच्या हालचालींवर, चेहऱ्यावर, आवाजावर आणि मनावर एकाच वेळी हात घालतो, आणि तरीही त्याच्यासोबत वीस-वीस वर्षे अर्थपूर्ण जगणारी माणसे आढळतात.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर जो छोटा प्रबंध लिहिला, त्यात केवळ सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले होते. तरीही ते वर्णन इतके अचूक होते की पुढे आजाराला त्यांचेच नाव मिळाले. मेंदूच्या खोल भागात काळसर रंगामुळे ‘कृष्णद्रव्य’ म्हणून ओळखला जाणारा पेशींचा एक पुंजका असतो, आणि तेथील पेशी डोपामिन हे रसायन तयार करून हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना पुरवतात. या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, आणि हात थरथरू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. त्याआधी काही वर्षे वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातवारे करणे किंवा ओरडणे, अक्षर बारीक होत जाणे अशा खुणा दिसलेल्या असू शकतात, पण त्या वयाच्या खात्यावर मांडल्या जातात. जगभरात १९९० मध्ये या आजाराचे सुमारे २५ लाख रुग्ण होते, ते २०१६ पर्यंत ६१ लाखांवर गेले, आणि या वाढीमागे लोकांचे वाढलेले आयुर्मान हे एक मोठे कारण आहे.

नावात कंप असला तरी आजाराचे मर्म कंपात नाही. काही रुग्णांना तर थरथर फारशी नसतेच. हालचाल मंदावणे, स्नायू ताठरणे आणि तोल जाणे यांचा जाच त्याहून मोठा असतो, आणि या साऱ्यांच्या मुळाशी एक सूक्ष्म हानी असते. निरोगी माणूस चालताना बोलतो, बोलता बोलता खिशातली किल्ली चाचपतो आणि जिना चढताना पावलांचा विचारही करत नाही, कारण वर्षानुवर्षे घोटलेल्या हालचाली मेंदूचा एक भाग आपोआप पार पाडत असतो. कंपवातात ही आपोआप चालणारी यंत्रणाच कमकुवत होते, तर जाणीवपूर्वक, लक्ष देऊन, डोळ्यांनी पाहून किंवा कानांनी ठेका ऐकून केलेली हालचाल ज्या मार्गांनी घडते, ते मार्ग तुलनेने शाबूत राहतात. कंपवातासोबत चांगले जगण्याच्या बहुतेक सर्व युक्त्या या एका वस्तुस्थितीतून निघालेल्या आहेत.

औषधाच्या इतिहासात भारतीय वनस्पतींचा दोनदा संबंध येतो. सर्पगंधेपासून मिळणारे रिसर्पिन सशांना दिल्यावर ते निश्चल होतात आणि ज्यापासून शरीरात डोपामिन बनते ते लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हिंडूफिरू लागतात, असे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले, आणि डोपामिनवरील कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या लेव्होडोपाने ससे उठले, ते खाजकुइलीच्या बियांमध्ये असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच सिद्ध केले होते, जरी त्या वेळी त्याचा कंपवाताशी असलेला संबंध कोणाच्याच ध्यानात आलेला नव्हता. व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकेविच यांनी १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा असतो हे दाखवले, आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये लेव्होडोपाचा डोस सावकाश चढवत नेऊन उपचार यशस्वी केला. आजही हेच औषध सर्वांत परिणामकारक मानले जाते. ते मेंदूत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडू नये म्हणून त्याच्या गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते. (खाजकुइलीची भुकटी स्वतःच्या मनाने घेणे मात्र धोक्याचे आहे, कारण तिच्यातील औषधाचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडते.)

गोळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे सहसा सुखाची जातात. पुढे मात्र एका गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेनासा होतो, आणि घरात ‘गोळी उतरली’ हे शब्द रोजचे होतात. असर असताना रुग्ण भाजी निवडतो, फोनवर बोलतो, फेरी मारून येतो, आणि असर ओसरला की त्याच माणसाला खुर्चीतून उठणे अवघड होते. हे न कळणाऱ्या नातेवाइकांना ते ढोंग वाटते. सकाळी आंघोळ स्वतः करणारा माणूस अकरा वाजता सदऱ्याचे बटण लावून मागतो, तेव्हा त्याची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते, रक्तातील औषधाची पातळी उतरलेली असते. म्हणून दिवसाची आखणी घड्याळाच्या तासांऐवजी गोळीच्या तासांवर करणे हे या आजारातील पहिले शहाणपण ठरते: आंघोळ, बँकेचे काम, नातवंडांशी खेळ आणि आवडीचा रियाज हे सारे असराच्या तासांत बसवायचे, आणि उरलेल्या तासांत वाचन, रेडिओ किंवा पडून राहणे यांना जागा द्यायची. त्यासाठी आठ-दहा दिवस एका वहीत गोळी कधी घेतली, शरीर केव्हा मोकळे झाले आणि केव्हा अडले, याची नोंद ठेवली, तर मेंदूविकारतज्ज्ञालाही डोसाच्या वेळा बदलणे सोपे जाते.

जेवणाचाही यात वाटा आहे. लेव्होडोपा हे रासायनिकदृष्ट्या अमिनो आम्ल असल्याने प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणारी अमिनो आम्ले आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर त्याच्याशी स्पर्धा करतात. त्यामुळे गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेण्यास सांगितले जाते. ज्यांना उसळ, दाट वरण, पनीर, अंडी किंवा मासे खाल्ल्यावर गोळी चढत नसल्याचे जाणवते, त्यांना डॉक्टर प्रथिनांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात घेण्याचा सल्ला देतात. प्रथिने बंद करणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे, कारण वजन आणि स्नायू घटणे या आजारात परवडत नाही. औषध अचानक थांबवणेही तितकेच घातक असते, आणि मळमळीवर दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधे डोपामिनला अडवत असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही कारणाने रुग्णालयात जाताना कंपवाताची कल्पना आधी द्यावी लागते.

गोळीच्या पलीकडे जी वाट आहे, ती समजण्यासाठी उंबऱ्याशी अडलेल्या रुग्णाकडे पाहावे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना, नेमके दारात, पाऊल फरशीला चिकटल्यासारखे होते. धड पुढे झुकलेले, टाचा उचललेल्या, गुडघे थरथरणारे, आणि पुढे जाण्याची पूर्ण इच्छा असूनही पाय हलत नाहीत. मायेपोटी घरचे माणूस हात धरून ओढते, आणि तेच सर्वांत चुकीचे असते, कारण धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि रुग्ण पडतो. त्याऐवजी रुग्णाने थांबावे, श्वास घ्यावा, शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर हलके झुलवावे, जवळच्या माणसाने ‘एक, दोन’ असे मोजावे, आणि मग समोरच्या फरशीचा सांधा ओलांडण्याचे ध्येय ठेवून पाऊल उचलावे. चालणे जमत नाही, पण रेघ ओलांडणे जमते. म्हणूनच ज्या जागी पाऊल वारंवार अडते, तेथे पावला-पावलाच्या अंतरावर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या लावण्याची रीत आहे. नेदरलँड्समधील न्यूरॉलॉजिस्ट बास ब्लूम यांनी २०१० मध्ये, चार पावलेही धड चालू न शकणारा एक रुग्ण सायकलीवर बसताच सहजपणे ती चालवतो, याचे चित्रण प्रसिद्ध केले, तेव्हा तज्ज्ञांनाही आश्चर्य वाटले होते. पायडलची फिरती लय, डोळ्यांपुढचा रस्ता आणि एकाग्र लक्ष यांच्या साह्याने मेंदूने नादुरुस्त रस्ता टाळून दुसरा धरलेला असतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

ताल हा या दुसऱ्या रस्त्यावरचा सर्वांत भरवशाचा सोबती ठरला आहे. ठरावीक गतीचा ठोका ऐकत चालल्याने पावलांची लांबी आणि वेग सुधारतो, हे मायकेल थॉट यांच्या १९९६ मधील अभ्यासाने दाखवले. ब्रुकलिनमधील रुग्णांच्या गटाने २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेबरोबर कंपवातग्रस्तांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले आणि तो उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले आहेत. ताय-चि या चिनी व्यायामप्रकाराने रुग्णांचा तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण घटते, हे २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मराठी घरांत तर ताल बाहेरून आणावा लागत नाही. भजनी ठेक्यातील आठ मात्रा, टाळाबरोबर पडणारी वारकऱ्यांची पावली, शाळेत शिकलेली लेझीम हे सारे ज्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेले आहे, त्याला खोली ओलांडण्यासाठी मनातल्या मनात एखादा अभंग धरणे हे यंत्राच्या ठोक्यापेक्षा अधिक जवळचे वाटू शकते. शिवाय येथे व्यायाम आणि आनंद यांची फारकत होत नाही, ही बाब लहान नाही: औषध म्हणून केलेला व्यायाम महिन्याभरात सुटतो, आवडीपोटी केलेला नाच किंवा म्हटलेले भजन टिकते.

हालचालीइतकीच, पण कमी बोलली जाणारी, हानी चेहऱ्याची आणि आवाजाची होते. भाव प्रकट करणारे स्नायू मंदावल्याने चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो, पापण्या कमी लवतात, आणि आतून हसू आले तरी ते ओठांपर्यंत पोहोचत नाही. समोरचा माणूस या चेहऱ्यावरून राग, कंटाळा किंवा मंदबुद्धी वाचतो. अनुभवी आरोग्यसेवकही अशा रुग्णांच्या स्वभावाबद्दल चुकीचे अंदाज बांधतात, हे संशोधनातून दिसले आहे. आवाजाचेही तसेच. रुग्ण पुटपुटतो, पण त्याला स्वतःला आपण नेहमीच्या आवाजात बोलतो असे वाटते, आणि कोणी ‘मोठ्याने बोला’ म्हटल्यावर तो जेव्हा सर्वांना ऐकू जाईल असे बोलतो, तेव्हा आपण ओरडतो आहोत असे त्याला वाटते. ली सिल्व्हरमन या महिलेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचोपचार पद्धतीत, चार आठवड्यांत सोळा बैठका घेऊन, हे बिघडलेले आतले माप पुन्हा बसवले जाते. ज्या घरात या दोन गोष्टी समजलेल्या असतात, तेथे ‘बाबा हल्ली आमच्यात रमत नाहीत’ हा गैरसमज मूळ धरत नाही. ज्या घरात त्या समजलेल्या नसतात, तेथे आजारापेक्षा एकटेपणच माणसाला अधिक झिजवते. लोक बघतील या भीतीने थरथरता हात खिशात दडवणारा माणूस लग्नकार्ये टाळतो, आणि ताणाने कंप वाढत असल्यामुळे लपवण्याच्या धडपडीतच तो अधिक दिसू लागतो. अमेरिकी अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांना १९९१ मध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वी, हे निदान झाले आणि त्यांनी ते सात वर्षे जगापासून लपवले. १९९८ मध्ये उघडपणे सांगितल्यानंतर दोन वर्षांत त्यांनी संशोधनासाठी स्वतःची संस्था उभारली.

मनाची स्थिती हा या विषयाचा गाभा आहे. सहा देशांतील रुग्णांच्या पाहणीवर आधारलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो की रुग्णांच्या जीवनमानातील फरकांपैकी पाचव्या हिश्शाहूनही कमी फरक आजाराचा टप्पा आणि औषधे यांनी उलगडतो. नैराश्य, आशावाद, आणि निदानाच्या वेळी डॉक्टरांनी आजार किती समाधानकारक रीतीने समजावून सांगितला, या तीन गोष्टींचा वाटा त्याहून खूप मोठा होता. यांतील तिसरी गोष्ट थांबून विचार करायला लावणारी आहे. बाह्यरुग्ण विभागातील ती पाच-दहा मिनिटे, ‘पार्किन्सन्स आहे, गोळ्या चालू ठेवा, महिन्याने या’ एवढ्यावर संपतात की त्यांत धीराने दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात, याचा परिणाम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळतो. गर्दीने भरलेल्या आपल्या रुग्णालयांत हे कठीण आहे हे खरे, परंतु जे काम डॉक्टरला जमत नाही ते प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक करू शकतो, आणि ही व्यवस्था नसणे ही उपचारातलीच उणीव मानली गेली पाहिजे.

नैराश्याच्या बाबतीत एक अपसमज दूर करणे अगत्याचे आहे. कंपवाताच्या दर तिघांपैकी सुमारे एका रुग्णात उपचारयोग्य नैराश्याची लक्षणे आढळतात, आणि ती केवळ दुःखद बातमीची प्रतिक्रिया नसते. मेंदूतील ज्या रासायनिक बदलांनी हात थरथरतो, तशाच बदलांनी मनही खचते, इतके की काहींमध्ये नैराश्य कंपाच्या आधी काही वर्षे प्रकट झालेले असते. कशातच रस न वाटणे हेदेखील अनेकदा या आजाराचे लक्षण असते. अशा माणसाला ‘आनंदी राहा, सकारात्मक विचार करा’ असे बजावणे म्हणजे लंगडणाऱ्याला नीट चालण्याचा हुकूम देण्यासारखे आहे. आनंदी राहणे हे रुग्णाचे कर्तव्य नाही, आणि तो आनंदी नसला तर तो त्याचा दोष नाही. त्याला मानसोपचाराची आणि गरज असल्यास औषधाची आवश्यकता असते, आणि ते मिळाले तर पुष्कळ फरक पडतो. दुसऱ्या टोकाला, आशेलाही शारीरिक बाजू आहे. कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये असे दाखवले की औषध मिळाल्याच्या अपेक्षेने, प्रत्यक्षात औषध नसलेले इंजेक्शन दिल्यावरही, रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते. यावरून आशेने आजार बरा होतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण पेशींचा नाश तिने थांबत नाही. पण आजच्या दिवसाचे पाऊल उचलण्यात तिचा वाटा असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे जिणे असह्य वाटते, आणि येथेच त्याचा अंदाज चुकतो. गॅरी अल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक देव्लिगर यांनी १९९९ मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांच्या मुलाखतींवरून दाखवले की त्यांतील निम्म्याहून अधिक लोक स्वतःचे जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगतात. त्यांच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी म्हणजे स्वतःच्या शरीराची ओळख पटणे, दिवसावर थोडाफार ताबा असणे, आणि कोणाला तरी आपला उपयोग होतो आहे ही भावना. ज्यांनी जीवनमान वाईट असल्याचे सांगितले, त्यांच्याकडे वेदना, थकवा आणि ताबा सुटल्याची जाणीव होती. म्हणजे समाधान हे लक्षणांच्या उलट प्रमाणात मोजता येत नाही, पण लक्षणांकडे दुर्लक्ष करूनही ते येत नाही. वेदना आणि थकवा यांवर शक्य तो इलाज करणे हा त्याचा पाया आहे.

या पायावर काय बांधायचे, याचे सर्वांत नेमके वर्णन ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस या संशोधकांनी १९८० च्या दशकात केले. दीर्घ आजारात माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला तीन प्रकारचे काम करावे लागते, असे ते म्हणतात: आजाराचे काम, म्हणजे गोळ्या, तपासण्या, व्यायाम; घरसंसाराचे काम, जे आजारामुळे थांबत नाही; आणि स्वतःच्या जीवनकहाणीचे काम, म्हणजे ‘मी आता कोण’ या प्रश्नाचे नवे उत्तर घडवणे. पहिल्या दोन कामांत घर इतके गुंतते की तिसरे राहून जाते, आणि ते राहून गेले की उपचार उत्तम चालू असतानाही माणूस रिकामा होतो. हाताला कंप असलेला चित्रकार रंगांची छोटी कामे सोडून मोठे फटकारे मारू लागतो, निवृत्त शिक्षिका फळ्यावर लिहिता येत नसले तरी शेजारच्या मुलांचे पाढे ऐकून घेते, अशा बदलांत हे तिसरे काम घडते. महाराष्ट्राला याचे एक विलक्षण उदाहरण ठाऊक आहे, जरी तेथे आजार वेगळा होता: मणक्यांच्या व्याधीमुळे बाबा आमटे यांना बसणे अशक्य झाले होते आणि केवळ उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते, तरीही सत्तरी ओलांडल्यावर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीपासून भारत जोडो यात्रेला निघाले, आणि वाहनात त्यांनी आडवे पडून प्रवास केला. असे धैर्य सर्वांना लाभत नाही आणि त्याची सर्वांकडून अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. लक्षात घेण्याजोगे हे की त्यांनी व्याधी बरी होण्याची वाट पाहिली नाही, प्रवासाची रचना बदलली.

सामान्य माणसाला हे जमावे यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील केट लोरिग यांनी विकसित केलेला अभ्यासक्रम अनेक देशांत वापरला जातो. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, अशा या बैठका दोन प्रशिक्षित व्यक्ती घेतात, आणि त्यांतील निदान एक स्वतः दीर्घ आजाराची रुग्ण असते. तेथे सांगितली जाणारी रीत साधी आहे. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यासाठी एक छोटे काम ठरवायचे, ते दुसऱ्या कोणाच्या नव्हे तर स्वतःच्या इच्छेचे असले पाहिजे, आणि ते नेमकेपणाने मांडायचे: ‘व्यायाम वाढवीन’ असे न म्हणता ‘मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळच्या गोळीनंतर इमारतीला दोन फेऱ्या मारीन’ असे म्हणायचे. मग हे पार पडेल याची खात्री शून्य ते दहाच्या मापावर सांगायची, आणि ती सातच्या खाली असेल तर काम लहान करायचे, दोन फेऱ्यांची एक करायची. यामागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार आहे, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास भाषणांनी निर्माण होत नाही, तो छोटे यश हाती लागल्याने आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहिल्याने निर्माण होतो.

आपल्यासारखा दुसरा भेटण्याची सोय महाराष्ट्रात आहे. मुंबईत डॉ. भीम सेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांसाठी आधारकेंद्रे चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट काम करतो, आणि तेथे रुग्णाला शुभार्थी व त्याचा सांभाळ करणाऱ्याला शुभंकर म्हटले जाते. अशा गटांत मिळणारी माहिती पुस्तकात सहसा सापडत नाही: रात्री कुशीवर वळणे जमत नसेल तर अंथरुणावर सॅटिनचा गुळगुळीत कपडा पसरावा, खुर्चीखाली ठोकळे देऊन ती उंच करावी, नाडीऐवजी इलॅस्टिक आणि बटणांऐवजी वेल्क्रो लावून घ्यावे, काही डोपामिनसदृश औषधांमुळे अचानक जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागली तर ती लाजेपोटी न दडवता डॉक्टरांना सांगावी.

शुभंकराचा विचार मात्र अजूनही अपुरा होतो. बहुतेक घरांत हे काम पत्नीकडे किंवा सुनेकडे येते, रात्री तीन-तीनदा उठावे लागते, स्वतःचे गुडघे आणि रक्तदाब दुर्लक्षित राहतात, आणि आजाराच्या उत्तरार्धात विस्मरण व भास सुरू झाले की हा भार कित्येक पटींनी वाढतो. तिचे आरोग्य ढासळले तर रुग्णाची सारी घडी विस्कटते, पण तिच्या विश्रांतीचे कारण केवळ एवढेच नाही. तिचेही आयुष्य आहे आणि तेही समाधानाचे असण्याचा तिला हक्क आहे. म्हणून आठवड्यातले काही तास तिचे स्वतःचे म्हणून ठरलेले असावेत, ती दमल्यावर नव्हे तर आधीपासून, आणि त्या तासांत मुलगा, भाऊ किंवा शेजारी रुग्णाजवळ बसावा. गोळीची वेळ कोणती, तिच्या आधी-नंतर काय खायचे नाही, पाऊल उंबऱ्याशी अडले तर हात न ओढता कसे मोजायचे, आणि चेहरा गंभीर दिसला तरी गप्पा का थांबवायच्या नाहीत, एवढे त्याला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेले असावे.